रांगेचें मोल

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलांत ॲपल कंपनीचें जें दुकान आहे, त्याच्या दाराशीं १९ सप्टेंबर २०२५ रोजीं सकाळीं जो प्रकार घडला, त्याचीं चित्रें बहुतेक वाचकांच्या पाहण्यांत आलीं असतीलच. आयफोन १७ या नव्या यंत्राची विक्री त्या दिवशीं सुरू व्हावयाची होती. कित्येक लोक आदल्या रात्रीपासून येऊन उभे होते. गर्दी वाढली, रेटारेटी झाली, कांहीं जण एकमेकांच्या अंगावर धांवून गेले, आणि शेवटीं सुरक्षारक्षकांना मध्यें पडावें लागलें. ज्या वस्तूसाठीं ही झोंबाझोंबी झाली ती कांहीं दुर्मिळ औषध नव्हे, कीं दुष्काळांतलें धान्य नव्हे. ती पुढेंही महिनोन् महिने लाखांनीं कारखान्यांतून बाहेर पडावयाची होती, आणि थोडा धीर धरणाऱ्यास ती घरबसल्याही मिळणार होती.

अशा प्रसंगीं दोन अभिप्राय ठरलेले असतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "काय हें पोरांना वेड लागलें आहे!" तरुण मंडळी म्हणतात, "हौसेला मोल नसतें." पहिल्या अभिप्रायांत तुच्छता आहे, दुसऱ्यांत लाड आहे, परंतु चूक दोहोंतही एकच आहे. दोघेही रांगेंत उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहतात. खुद्द रांगेकडे कोणीच पाहत नाहीं. जणूं कांहीं ती पावसाळ्यांतल्या अळंब्यांप्रमाणें आपोआप उगवली! आमच्या मतें टीकेचा खरा विषय तो मनुष्य नसून ती रांग हा आहे. ती कोणी मांडली, कोणाच्या लाभासाठीं मांडली, आणि तिचें मोल कोण देतो, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून या गर्दीविषयीं कांहींही बोलणें व्यर्थ होय.

रांग ही स्वभावतः मोठी न्यायी संस्था आहे. बळकटानें पुढें घुसावें आणि दुबळ्यानें मागें राहावें, हा जो जगाचा क्रम, त्यावर माणसानें शोधून काढलेला हा एक साधा उतारा होय. चाळींतल्या नळावर घागरींची रांग लागते, तेव्हां कारकुनाच्या घरची घागर आणि मोलकरणीची घागर यांचा क्रम केवळ आधीं कोण आलें एवढ्यावरूनच ठरतो. १९४३ सालीं मुंबईंत रेशनिंग सुरू झालें आणि दुकानासमोर पिशवी घेऊन उभें राहणें मध्यमवर्गीय कुटुंबांच्या अंगवळणीं पडलें. त्या रांगेंत कंटाळा होता, चिडचीड होती; परंतु टंचाई खरी होती आणि गरजही खरी होती, म्हणून तेथें उभें राहणाराला स्वतःची लाज वाटण्याचें कारण नव्हतें.

दुसरी रांग आषाढींत पंढरपुरास दिसते. दर्शनाच्या बारींत वारकरी तासन् तास तिष्ठत असतात. परंतु पुढच्यानें दर्शन घेतल्यामुळें मागच्याच्या वांट्याचें दर्शन तिळमात्र कमी होत नाहीं. आणि म्हणूनच त्या बारींत पुढचा मनुष्य मागच्याचा प्रतिस्पर्धी नसतो.

तिसरा मासला आमच्या रंगभूमीचा घेऊं. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच नाटकांत उभे राहणार, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास जाणार, म्हणून रसिकांची एकच झुंबड उडाली. तिकिटांचे दर ऐकून छाती दडपावी असे होते; पण त्या धांदलीला आम्ही वेड म्हणत नाहीं. केशवराव त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत निवर्तले. ज्यांचा तो योग हुकला त्यांचा तो बहुधा कायमचाच हुकला.

तात्पर्य, रांगेला अर्थ येतो तो तीन गोष्टींपैकीं एकीमुळें: गरजेमुळें, सर्वांस पुरणाऱ्या लाभामुळें, किंवा पुन्हा न येणाऱ्या अपूर्वतेमुळें. आतां याच तीन कसोट्या आयफोनच्या रांगेस लावून पाहूं. गरजेविषयीं बोलायचें तर त्या रांगेंतल्या बहुतेकांच्या खिशांत चांगला चालता फोन असतोच. त्याच फोनवर वेळ घालवीत ते उभे असतात, आणि त्याच फोननें आपल्या उभें राहण्याचीं छायाचित्रें काढून मित्रांस धाडीत असतात. लाभाविषयीं म्हणाल, तर पुढचा मनुष्य जितकीं यंत्रें घेऊन जाईल तितकीं त्या दिवसापुरतीं मागच्याचीं कमी होतात. तेव्हां शेजारी उभा असलेला प्रत्येक जण प्रतिस्पर्धीच ठरतो. राहिली अपूर्वता. पण दरवर्षीं ठरलेल्या ऋतूंत येणारी अपूर्वता ही अपूर्वता नव्हे, तो सण होय. आणि सणाला निदान पुरणाची पोळी तरी सर्वांच्या पानांत पडते.

मग लोक उभे राहतात ते कशासाठीं? आमचें उत्तर असें कीं, यंत्रासाठीं नव्हेच, पहिलेपणासाठीं. यंत्र उद्यांही मिळेल, पहिलेपण उद्यां मिळणार नाहीं. ही वस्तु मोठी विलक्षण आहे. ती तयार करण्यास कारखाना लागत नाहीं. विक्रीची एक तारीख आणि एक वेळ जाहीर केली कीं ती आपोआप निर्माण होते, आणि तिची टंचाई मात्र कधींही न संपणारी असते. तिचा बाजारभावही एकदां जगाला कळला आहे. पहिला आयफोन अमेरिकेंत २९ जून २००७ रोजीं विक्रीस आला, तेव्हां त्याच्या ८ गिगाबाइटांच्या नगाची किंमत ५९९ डॉलर होती. रस्त्यावर रात्री काढून लोकांनीं तो घेतला. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यांत कंपनीनें ती किंमत ३९९ डॉलरवर आणली. पहिल्या ग्राहकांनीं गिल्ला केला, तेव्हां कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनीं जाहीर पत्र लिहून दिलगिरी प्रकट केली, आणि त्या ग्राहकांस आपल्याच दुकानांत खर्च करण्याजोगे १०० डॉलर परत देऊं केले. दोन-सव्वादोन महिन्यांच्या पहिलेपणाचा भाव २०० डॉलर ठरला होता. ओरड झाली म्हणून त्यांत सूट मिळाली, इतकेंच. या धड्यानंतर रांगा आटल्या असत्या तर त्यांत नवल नव्हतें. त्या आटल्या नाहींत, यावरूनच लोक यंत्राचा हिशेब करण्यासाठीं तेथें जात नाहींत हें उघड होतें.

कोणी म्हणेल कीं, वस्तु लोकप्रिय असली म्हणजे गर्दी होणारच. त्याला विक्रेता काय करणार? हा युक्तिवाद ऐकण्यास बरा वाटतो, पण घडलेल्या गोष्टी त्याच्या विरुद्ध आहेत. १३ जानेवारी २०१२ रोजीं बीजिंगच्या सान्लीतुन भागांतील दुकानासमोर आयफोन ४एस घेण्यासाठीं कडाक्याच्या थंडींत लोक रात्रभर उभे होते. सकाळीं गर्दीचा रंग पाहून दुकान उघडलेंच नाहीं. चिडलेल्या लोकांनीं दुकानावर अंडीं फेंकलीं, पोलिसांनीं जागा मोकळी केली, आणि कंपनीला बीजिंग व शांघाय येथील आपल्या दुकानांतून त्या यंत्राची विक्री तूर्त बंद ठेवावी लागली. त्याच वर्षीं डिसेंबरांत, त्याच बीजिंगमध्यें, आयफोन ५ विक्रीस आला. या खेपेस आगाऊ नांवनोंदणीची पद्धत ठेविली होती, आणि दुकानापुढें म्हणण्यासारखी गर्दी झालीच नाहीं. त्या दिवशीं बर्फ पडत होतें हें खरें. पण जानेवारींतली थंडी तरी कोठें कमी होती? शहर तेंच, लोक तेच, हांवही तीच. बदलली होती ती केवळ व्यवस्था.

दुसरें उदाहरण याहूनही बोलकें आहे. एप्रिल २०१५ मध्यें याच कंपनीनें आपलें मनगटी घड्याळ बाजारांत आणलें, तेव्हां तें दुकानांत रांग लावून विकावयाचें नाहीं, आगाऊ मागणी नोंदवूनच द्यावयाचें, असें ठरविलें. दुकानांच्या प्रमुख अँजेला आरेंट्स यांनीं रांगांत तिष्ठण्याचे दिवस आतां संपले, अशा अर्थाची सूचनाही आपल्या नोकरवर्गास दिली. घड्याळ आलें, विकलें गेलें, कोणाचें डोकें फुटलें नाहीं. पण सप्टेंबरांत आयफोन ६एस निघाला आणि दुकानांपुढें रांगा पुन्हा हजर झाल्या! अर्थात् कंपनी मुद्दाम दंगे घडवून आणते असा आरोप आम्ही करीत नाहीं; दंगा कोणत्याच दुकानदाराला नको असतो. आमचें म्हणणें एवढेंच कीं, रांग टाळण्याची विद्या तिला अवगत आहे, आणि ती केव्हां वापरावयाची व केव्हां वापरावयाची नाहीं हें ठरविणें तिच्याच हातीं आहे. दंगा न होतां जी रांग लागते, तिच्यासारखी फुकटची जाहिरात दुसरी नाहीं. वृत्तपत्रांनीं आणि वाहिन्यांनीं पहिल्या ग्राहकाची मुलाखत घ्यावयाची, त्यानें खोका डोक्यावर धरून हंसावयाचें, दारांत उभ्या असलेल्या नोकरांनीं टाळ्या वाजवावयाच्या. हा सारा प्रयोग ज्या नटांच्या बळावर उभा राहतो, ते वेतन मागत नाहींत, उलट तिकिटाचे पैसे मोजून आंत येतात.

येथपर्यंतचा प्रकार केवळ हास्यास्पद म्हणून सोडून देतां आला असता. पण रांगेंत उभे असलेले सगळेच हौशी नसतात, आणि येथून पुढें हंसणें कठीण होतें. पहिलेपणाला बाजारभाव आला कीं त्याचे दलालही येतात. नवें यंत्र ज्या देशांत अजून पोहोंचलें नसेल तेथें तें चढ्या भावानें विकावें, हा त्यांचा धंदा; आणि एका ग्राहकास एक-दोनच यंत्रें मिळत असल्यामुळें त्यांना माणसें लागतात. बीजिंगच्या त्या जानेवारींतल्या गर्दींत अशा दलालांनीं मजुरीवर आणून उभे केलेले लोक पुष्कळ होते. २०१४ सालीं न्यूयॉर्कमध्यें आयफोन ६ साठीं लागलेल्या रांगेंतही रात्रभर पदपथावर अंग मुडपून पडलेले वयस्क चिनी स्त्रीपुरुष दिसत होते, आणि हातीं आलेलें यंत्र ते दुकानाबाहेर पडतांच दलालाच्या स्वाधीन करीत होते.

परंतु या धंद्याचें सर्वांत उघडें रूप दिसलें तें कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना गांवीं, २० सप्टेंबर २०१३ रोजीं. एका व्यापाऱ्यानें लॉस एंजलिसच्या रस्त्यांवर राहणारीं अनेक बेघर माणसें गाड्यांत घालून आणलीं, आणि प्रत्येकास ४० डॉलर देण्याचें कबूल करून आयफोनच्या रांगेंत रात्रभर उभें केलें. सकाळीं हा प्रकार दुकानाच्या लक्षांत येतांच त्यानें त्या व्यापाऱ्यासाठीं यंत्रें देणें थांबविलें. यंत्र मिळालें नाहीं, तेव्हां मजुरी नाहीं, असें म्हणून व्यापाऱ्यानें कित्येकांना पैसे नाकारले. माणसें खवळलीं, त्याच्याभोंवतीं जमलीं, आणि पोलिसांनीं येऊन त्याला संभाळून बाहेर नेलें. या घटनेंतला प्रत्येक पक्ष तपासून पाहा. दुकानानें आपला नियम पाळला. पोलिसांनीं शांतता राखली. व्यापाऱ्यानें माल नाहीं तर मोबदला नाहीं हा व्यापाराचाच न्याय सांगितला. सर्वांनीं आपापल्या परीनें बरोबर केलें, आणि रात्रभर जागलेलीं माणसें मात्र आपल्या ठिकाणापासून कित्येक मैल दूर रिकाम्या हातांनीं उभीं राहिलीं!

आमच्या मतें या रांगेंतला खरा नीतिभंग ढकलाढकलींत नसून येथें आहे. रांगेचा न्याय ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती ही कीं, पैसा कमीअधिक असला तरी दिवसाचे तास सर्वांस सारखे मिळालेले आहेत. मोलकरीण कारकुनापेक्षां गरीब असेल, पण नळावर तिचा एक तास त्याच्या एका तासाएवढाच. दुसऱ्याचे तास विकत घेतां आले कीं ही बरोबरी संपते. मग ती रांग राहत नाहीं, तो लिलाव होतो. बोली श्रीमंत लावतो, आणि पाय मात्र गरिबाचे दुखतात. ज्या संस्थेनें दुबळ्याला संरक्षण द्यावें तीच त्याला भाड्यानें देण्याचें साधन बनते.

पडद्याआडही एक रांग असते, तिचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. ती कारखान्याच्या दाराशीं पाळी बदलतांना लागते. ती पाहण्यास आतां चीनपर्यंत जावें लागत नाहीं. कर्नाटकांतील कोलार जिल्ह्यांत नरसापूर येथें विस्ट्रॉन कंपनीच्या ज्या कारखान्यांत आयफोन जोडले जात, तेथें १२ डिसेंबर २०२० रोजीं सकाळीं रात्रपाळी संपवून निघालेल्या कामगारांनीं कांचा फोडल्या, गाड्या उलथविल्या. ठरलेला पगार मिळत नाहीं, मिळतो तोही कापून, आणि जादा कामाचा हिशेब लागत नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. सरकारी चौकशींत कामगार कायद्यांचे भंग आढळले. ॲपलनें विस्ट्रॉनला नवें काम देणें थांबवून देखरेखीखालीं ठेविलें. आणि विस्ट्रॉननें कामगारांची माफी मागितली. पुढें २०२३ सालीं तो कारखाना टाटा समूहाकडे गेला. एका वर्षानें, डिसेंबर २०२१ मध्यें, तामिळनाडूंतील श्रीपेरुंबुदूरजवळ फॉक्सकॉनच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींना वसतिगृहांतलें अन्न बाधलें. दीडशेंहून अधिक जणी रुग्णालयांत गेल्या, आणि त्यांच्या मैत्रिणी महामार्गावर येऊन बसल्या. त्यानंतरच वसतिगृहांच्या आणि भोजनगृहांच्या स्थितीकडे वरिष्ठांचें लक्ष गेलें. या घटनांना विक्रीच्या दिवशींची गर्दी थेट जबाबदार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण एका रांगेंतल्या रेटारेटीचीं चित्रें घरोघर पोहोंचतात, आणि दुसऱ्या रांगेकडे कांच फुटेपर्यंत किंवा रस्ता अडेपर्यंत कोणी वळूनही पाहत नाहीं, हा भेद मात्र वाचकांनीं मनाशीं तोलून पाहावा.

यावर उपाय म्हणून कोणी सुचवितात कीं, सर्व विक्री इंटरनेटवर न्यावी. तो उपाय पुरा नव्हे. २०१४ सालीं शाओमी कंपनीच्या फोनांची आपल्याकडे अशीच विक्री झाली. एका खेपेस ४०,००० फोन पांच सेकंदांच्या आंत संपल्याचें जाहीर झालें. तेथें कोणाचा पाय कोणाच्या पायावर पडला नाहीं, पण रेटारेटी तीच होती. फक्त ती दिसत नव्हती. खरा उपाय साधा आहे. नांवनोंदणीचें दार कांहीं दिवस उघडें ठेवावें, आधीं आला तो शहाणा आणि मागून आला तो मूर्ख असा भेद करूं नये, नोंदलेल्या प्रत्येकास चिठ्ठीनें क्रम द्यावा, आणि ज्याचें नांव त्यालाच वस्तु द्यावी. यांत दलालाचें काम संपतें आणि भाड्याच्या पायांचेंही संपतें. त्या पायांची मजुरी बुडते हें खरें. पण जी मजुरी माल मिळाला तरच मिळावयाची, तिला उपजीविका म्हणणें ही गरिबाचीच थट्टा आहे. विक्रेत्याचें नुकसान एवढेंच कीं, पहाटेचीं चित्रें मिळणार नाहींत.

हौशी माणसाविषयीं आमच्या मनांत रोष नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. २०११ सालीं चीनमधील एका सतरा वर्षांच्या मुलानें असलीं यंत्रें घेण्यासाठीं आपलें मूत्रपिंड विकलें, हें उदाहरण तरुणांना झोडपण्यासाठीं नेहमीं पुढें केलें जातें. एका अजाण मुलाच्या दुर्दैवावरून एका पिढीस नांवें ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. त्या प्रकरणीं खटला भरला गेला तो मुलावर नव्हे, दलाल आणि शस्त्रवैद्य यांच्यावर. आणि न्यायाच्या दृष्टीनें तेंच योग्य होतें.

आमच्या शेजारीं एक मुलगा राहतो. नुकताच नोकरीस लागला आहे. वडील निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. मागें एकदां तोही शहरांतल्या एका दुकानासमोर असाच रात्रभर उभा राहून, चोवीस महिन्यांच्या हप्त्यांनीं, नवा फोन घेऊन आला. दुसऱ्या दिवशीं तो दाखविण्यास आमच्याकडे आला, तेव्हां फोनविषयीं दोन मिनिटें बोलला आणि त्या रात्रीविषयीं अर्धा तास. कोणी चहा आणला, कोणी पथारी दिली, अनोळखी मुलांशीं कशी मैत्री जमली, हें सांगतांना त्याचा चेहरा फुलला होता. आम्हांला तें पाहून बरें वाटलें. शहरांत एकट्या पडलेल्या मुलाला एका रात्रीची संगत मिळत असेल, तर तिची चेष्टा करण्याचा अधिकार कोणास आहे?

मग सहज आठवण झाली म्हणून तो म्हणाला, "काका, एक गंमत सांगतों. माझ्या पुढें एक पन्नाशीचे गृहस्थ उभे होते. पायांत साध्या चपला, हातांत जेवणाचा डबा. कोणाशीं बोलत नव्हते. पहाटे पहाटे मागें वळून मला हळूच म्हणाले, 'काय रे, तुला किती देणार आहेत?' "

मुलगा हें सांगून मोठ्यानें हंसला. त्या गृहस्थांना हा मुलगाही आपल्यासारखाच मजुरीवर आलेला वाटला होता. इतका वेळ कोणी उगीच कशाला उभें राहील, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

आम्ही मात्र हंसलों नाहीं. रात्रभर त्या रांगेंत जेवढीं बोलणीं झालीं असतील, त्यांत विचारण्यासारखा प्रश्न आम्हांस तो एकच वाटला. पुढल्या सप्टेंबरांत कोणत्या दुकानासमोर उभें राहण्याचा बेत कोणाच्या घरीं ठरत असेल, तर तो ठरण्यापूर्वीं त्या मुलानें हा प्रश्न एकदां स्वतःस विचारावा, आणि शेजारीं डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसासही विचारावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.